वीज गेली असता रुग्णाच्या उशाशी

आपल्या पणजोबांच्या काळी गावात वीज नव्हती, म्हणून ती जाण्याचे भयही नव्हते. पुढे खांब आले, तारा आल्या, दिवे आले. आणि दिवे गेले म्हणजे कंदिलाची काच पुसून ठेवण्याची सवय घरोघरच्या गृहिणींना लागली. त्या अंधाराने फार तर मुलांचा अभ्यास बुडे, किंवा रोझरी मेणबत्तीच्या उजेडात म्हटली जाई. परंतु अलीकडे आपल्यातील कित्येक घरांत माजघरातील खाटेशेजारी एक चौकोनी यंत्र अहोरात्र घरघरत असते, आणि त्याची नळी आजोबांच्या किंवा आजीच्या नाकाशी गेलेली असते. अशा घरात वीज गेली म्हणजे काय होते, याचा विचार ती जाण्यापूर्वीच केलेला बरा. त्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

२०२१ सालच्या मे महिन्यात, १६ तारखेला, ‘तौक्ते’ नावाचे चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले. झाडे तारांवर कोसळली, खांब वाकले, आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. तो काळ करोनाच्या दुसऱ्या लाटेचा होता. इस्पितळांत खाटा मिळेनात, म्हणून अनेक रुग्ण प्राणवायूच्या यंत्रासह घरीच होते. वादळ आणि साथ एकाच आठवड्यात येणे हा दुर्मीळ योग म्हणावा. पण खानापूर तालुक्यातील रानालगतच्या वाड्यांना विचारा. जून ते सप्टेंबर या काळात तारेवर फांदी पडणे तेथे काही दुर्मीळ नाही. शहरात खंडित झालेला पुरवठा तासा-दोन तासांत परत येतो. रानाकडेच्या घराने मात्र एका रात्रीचा हिशेब धरूनच चालावे.

प्रथम हे समजून घेऊ या की, घरातील सर्वच यंत्रे सारखी अधीर नसतात. दम्याच्या औषधाची वाफ देणारे नेब्युलायझर दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटे चालते. त्याच्याऐवजी हाताने दाबावयाचा पंप आणि त्याला जोडावयाची प्लॅस्टिकची नळकांडी, जिला स्पेसर म्हणतात, ती बहुतेकांना चालते. डॉक्टरांना एकदा विचारून ती घरात ठेवली की वाफेच्या यंत्रासाठी निराळी वीज साठविण्याचे कारण उरत नाही. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या हवेच्या गादीला वीज अगदी थोडी लागते; ती बंद पडली तर रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. घशात छिद्र करून नळी बसविलेल्या रुग्णाचा कफ ओढणारे सक्शन यंत्र मात्र क्षणभरही अडून चालत नाही. पण त्याचाही पायाने दाबून चालविण्याचा प्रकार बाजारात मिळतो, आणि तो ज्या घरात हवा तेथे तो असलाच पाहिजे.

मधुमेहाच्या इन्सुलिनविषयी लोक उगीच फार घाबरतात. फ्रीज बंद पडला तरी त्याचे दार न उघडल्यास चार तासांपर्यंत आत गारवा टिकतो. वापरात घेतलेली कुपी तीस अंशांपेक्षा कमी उष्णतेच्या जागी सुमारे चार आठवडे चांगली राहते. तेव्हा एका रात्रीच्या अंधाराने औषध वाया जात नाही. उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके आणि त्यात कोरड्या डब्यातील कुपी, हा आपल्याकडील जुना उपाय खरोखर उपयोगी आहे; पावसाळ्यात मात्र हवाच ओली असल्याने मडके फारसे गार होत नाही. पण त्या दिवसांत उष्णताही तितकी नसते. एवढे लक्षात ठेवावे की, इन्सुलिन बर्फाला चिकटवून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे.

खरा प्रश्न उरतो तो प्राणवायूच्या यंत्राचा, ज्याला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणतात. हे यंत्र प्राणवायू निर्माण करीत नाही. आपल्या भोवतालच्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो आणि उरलेला बहुतांश नायट्रोजन. यंत्रातील पंप ही हवा दाबून झिओलाइट नावाच्या खड्यांतून नेतो. ते खडे नायट्रोजन अडवून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध असा प्राणवायू नळीवाटे बाहेर येतो. पंप हाच त्याचा जीव, आणि पंपालाच विजेची भूक मोठी. मिनिटाला पाच लिटर देणारे सामान्य घरगुती यंत्र सुमारे ३०० ते ४०० वॅट वीज घेते, म्हणजे चार-पाच पंखे एकत्र चालावेत इतकी. शिवाय चालू होण्याच्या क्षणी पंप याच्या कित्येक पट ओढ देतो. आणि हे यंत्र पाण्याच्या टाकीसारखे काही साठवून ठेवीत नाही. वीज गेली की नळी रिकामी झाली, असेच समजावे.

आता इन्व्हर्टरकडे वळू. दुकानात गेलेल्या गृहस्थाला दुकानदार ‘नऊशे व्हीएचे’, ‘अकराशे व्हीएचे’ असे आकडे ऐकवितो, आणि आकडा मोठा ऐकून गिऱ्हाईक समाधान पावते. वास्तविक हा आकडा फक्त एवढेच सांगतो की, एका वेळी किती ओझे उचलता येईल. ते ओझे किती वेळ उचलता येईल हे त्यावरून मुळीच कळत नाही. बैल किती वजनाची गाडी ओढील हे एक आणि किती कोस ओढील हे दुसरे. दुसऱ्याचे उत्तर बॅटरीत असते.

ते उत्तर काढण्याची रीत शाळेतील मुलालाही जमेल. बॅटरीवर १२ व्होल्ट आणि १५० ॲम्पिअर-तास असे लिहिलेले असते. दोहोंचा गुणाकार १८००. म्हणजे कागदावर तीत १८०० वॅट-तास वीज आहे. पण बॅटरीवरील हा आकडा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली असता मिळावयाचा असतो. तिच्यातून भराभर वीज ओढली तर ती तेवढी देत नाही. आणि इन्व्हर्टर स्वतःही आपला वाटा उष्णतेच्या रूपाने खातो. हाती येतात ते हजार-अकराशे. यंत्राला ३५० वॅट लागत असतील, तर नवी बॅटरी तीन तास पुरेल. तीच बॅटरी दोन-तीन पावसाळे पाहिलेली असेल तर दोन तास पुरली तरी आनंद मानावा. ज्या घरात असा हिशेब न करता केवळ ‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ म्हणून निश्चिंत झोपतात, त्यांना पहाटे दोन वाजता यंत्राचा कर्कश इशारा ऐकू येतो.

दोन बॅटऱ्या चालतील असा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला तर प्रत्येकीवरील ओझे निम्मे होते आणि वेळ दुपटीहून किंचित अधिक, म्हणजे सहा-सात तास मिळतो. याहून जास्त बॅटऱ्या लावाव्यात असे मला वाटत नाही. त्यांचा खर्च आणि त्यांची निगा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. अलीकडे लिथियम जातीच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्या वजनाने हलक्या, पाणी घालण्याचे काम नाही, आणि त्यांच्यातील बहुतेक सर्व वीज वापरता येते. पण किंमत बरीच अधिक, आणि त्यांना चालेल असाच इन्व्हर्टर घ्यावा लागतो. ज्यांना परवडते त्यांनी घ्याव्यात. शिशाच्या बॅटरीला दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहून शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालावे, विहिरीचे नव्हे. आणि ती हवेशीर जागी ठेवावी, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. रुग्णाच्या खाटेखाली बॅटरी ठेवलेली घरे आहेत. तसे करू नये.

इन्व्हर्टर घेताना ‘प्युअर साइन वेव्ह’ जातीचाच मागावा. स्वस्तातील ‘स्क्वेअर वेव्ह’ जातीची वीज धक्क्याधक्क्याने येते. तिच्यावर पंप गुरगुरतो, तापतो, आणि यंत्रातील नाजूक भाग बिघडण्याचा संभव असतो. पंपाची सुरुवातीची ओढ सोसावी म्हणून एक हजार व्हीएपेक्षा कमी क्षमतेचा घेऊ नये, आणि त्या जोडणीवर यंत्राखेरीज फार तर एक दिवा ठेवावा. अंधार पडला की दूरदर्शनही त्याच इन्व्हर्टरवर चालावे असा मुलांचा हट्ट असतो. तो मोडून काढणे वडीलधाऱ्यांकडे आले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बहुतेक इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक लहान कळ असते. तिच्या एका बाजूस ‘यूपीएस’ असे लिहिलेले असते. कळ त्या बाजूस असली म्हणजे वीज जाताच बदल इतक्या त्वरेने होतो की यंत्राला तो जाणवतही नाही. म्हणून बसविणारा माणूस ती तशीच ठेवून जातो. पण त्या स्थितीत इन्व्हर्टर फार चोखंदळ होतो. तारेतील दाब सुमारे १८० व्होल्टच्या खाली आला की ती वीज नाकारून तो बॅटरीवर जातो. आपल्या खेड्यांत संध्याकाळी सर्वांचे दिवे आणि पंप एकदम लागले म्हणजे दाब असाच उतरतो. शेजारच्या घरी दिवे मिणमिणत का होईना, जळत असतात. आपल्या घरी मात्र बॅटरी गुपचूप रिकामी होत असते, आणि रात्री अकराला खरोखरच वीज गेली म्हणजे तिच्यात काही उरलेले नसते. अशा गावात रुग्णाचे यंत्र त्या कळीच्या दुसऱ्या बाजूस ठेवून चांगल्या स्टॅबिलायझरवर चालवावे, हे बरे. कॉन्सन्ट्रेटर अर्ध्या सेकंदाच्या खंडाने क्वचित थांबला, तरी पुन्हा चालू करता येतो. रिकामी बॅटरी मात्र त्या रात्री भरता येत नाही. तिला पुरती भरावयास दहा-बारा तास अखंड वीज लागते. चार तास वीज येऊन पुन्हा गेली तर दुसऱ्या खेपेस तिच्याकडून पहिल्याइतकी अपेक्षा करू नये.

झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी सीपॅप नावाचे मुखवट्याचे यंत्र असते. त्याची भूक अल्प, साधारण ३० ते ६० वॅट. त्यातील पाणी तापविण्याचा भाग बंद ठेवला तर आणखी कमी. वर सांगितलेल्या एका बॅटरीवर त्याच्या दोन रात्री सहज निघतात. अशा घराने इन्व्हर्टरपाशी थांबले तरी पुरे. पण प्राणवायूच्या यंत्राचे तसे नाही, आणि त्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: आधी सिलिंडर, मग इन्व्हर्टर.

सिलिंडरला वीज लागत नाही, यातच सर्व आले. घरगुती उपयोगाचा ‘बी’ आकाराचा सिलिंडर भरलेला असता त्यात सुमारे १५०० लिटर प्राणवायू असतो. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितले असतील, तर १५०० भागिले २, म्हणजे ७५० मिनिटे. थोडी तूट धरून बारा तास. १ लिटर सांगितला असेल तर पूर्ण एक दिवस. ५ लिटर लागत असतील तर मात्र पाचच तास. त्या घरी दोन सिलिंडर हवेत, किंवा ‘डी’ आकाराचा मोठा, ज्यात सुमारे ७००० लिटर मावतो आणि जो हलविण्यास दोन गडी लागतात. ‘बी’ सिलिंडरच्या तबकडीवरचा काटा भरलेला असता दीडशेच्या आसपास असतो. काटा दाखवील त्याला दहाने गुणावे, म्हणजे उरलेले लिटर कळतात. काटा साठावर, तर सहाशे लिटर. एवढा गुणाकार घरातील थोरल्या मुलाला शिकवून ठेवावा. सिलिंडर उभा आणि भिंतीला साखळीने बांधलेला असावा. त्याच्या झडपेला तेल किंवा ग्रीस लावू नये, ती कितीही घट्ट झाली तरी. आणि ती उघडावयाचा पाना सुतळीने त्याच्याच गळ्यात बांधून ठेवावा. अंधारात पाना शोधणे यासारखी दुसरी जाच नाही.

वीज परत आल्यावर यंत्र लावले की लगेच नळी बदलू नये. यंत्राला पूर्ण शुद्ध प्राणवायू देऊ लागण्यास काही मिनिटे लागतात. तोवर सिलिंडर चालू द्यावा. आणि वीज नाही म्हणून घाबरून, ‘जास्त दिला तर बरे’ असे म्हणत, प्रवाह वाढवू नये. फुप्फुसांच्या जुनाट विकारात अधिक प्राणवायू अपायकारक ठरू शकतो; रुग्ण गुंगीत जातो. डॉक्टरांनी जितके लिटर आणि बोटावरील ऑक्सिमीटरचे जितके आकडे लिहून दिले असतील, त्यांना धरून राहावे.

आता मेणबत्तीविषयी. प्राणवायू स्वतः पेटत नाही, परंतु दुसऱ्याला भयंकर वेगाने पेटू देतो. नळी लावलेल्या माणसाच्या अंगावरील चादर, उशी, कपडे यांत तो मुरलेला असतो. तेथे एक ठिणगी पडली तर विझवावयास वेळ मिळत नाही. आणि वीज गेली की आपला हात सवयीने काडेपेटीकडे जातो! रुग्णाच्या खोलीत वेदीवर ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे मेणबत्ती असते, डास घालविण्याची अगरबत्ती खाटेखाली असते, आणि एखाद्या आजोबांची विडी अजून सुटलेली नसते. ही तिन्ही त्या खोलीतून गेली पाहिजेत. वेदी दुसऱ्या खोलीत न्यावी, किंवा तेथे बॅटरीवरचा लहान दिवा ठेवावा. आजारी माणसाच्या हाती आशीर्वादित मेणबत्ती देण्याची आपली जुनी चाल आहे. त्या वेळी प्राणवायू चालू असेल तर मेणबत्ती न पेटविता द्यावी. धर्मगुरूंना हे आधी सांगून ठेवले म्हणजे झाले. नाकाला व्हॅसलीन वा तेलही लावू नये. कोरड पडत असेल तर पाण्यात मिसळणारे मलम डॉक्टरांकडून घ्यावे.

जनरेटरचा विचार पुष्कळांच्या मनात येतो, आणि लांबच्या अंधारासाठी तो खरोखर उपयोगाचा आहे. लहानसा एक केव्हीएचा पेट्रोल जनरेटर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल घेऊन प्राणवायूचे यंत्र चालवू शकतो. पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, ज्याला ना रंग, ना वास. पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत घेतला, दार लोटून घेतले, आणि घरातील माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा दुर्घटना जगभर घडतात. तो घरापासून निदान वीस फूट दूर, खिडक्यांपासून उलट्या दिशेला, वेगळ्या छपराखाली असावा. दुसरे असे की, दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून जनरेटरची वीज घरातील प्लगात सोडण्याची युक्ती काही हौशी लोक करतात. ती वीज तशीच उलट खांबावर जाते, आणि तार जोडण्यासाठी चढलेल्या लाइनमनचा जीव घेते. यंत्राची वायर थेट जनरेटरला जोडावी. घरभर वीज हवी असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

छपरावर सौर तावदाने बसविलेल्या काही घरांचा असा समज असतो की आपल्याला आता वीज जाण्याची चिंता नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या सूर्य घर योजनेमुळे अशी छपरे वाढली आहेत. परंतु नुसती तारेला जोडलेली सौर व्यवस्था, तारेतील वीज गेली की भर उन्हातही स्वतःहून बंद पडते. लाइनमनच्या जिवासाठीच ती तशी केलेली असते. अंधारात उपयोग हवा तर तिला बॅटरी आणि त्या जातीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बसविणाऱ्याला हा एक प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा. मोटारगाडीच्या सिगारेट पेटविण्याच्या भोकातून कॉन्सन्ट्रेटर चालेल ही आशाही सोडावी. तेथे शे-दीडशे वॅटच मिळतात.

यंत्र कोणते घ्यावे याचा निर्णय शेवटी पैशापेक्षा एका दुसऱ्याच प्रश्नावर अवलंबून आहे: रात्री दोन वाजता घरात कोण असते? आपल्या कित्येक घरांतील मुले मुंबईस, पुण्यास किंवा आखातात आहेत, आणि मागे दोन म्हातारी माणसे. सत्तरीच्या आजींना जनरेटरची दोरी ओढता येणार नाही. सिलिंडरची झडप त्यांच्या हाताने फिरते का, हे दिवसा पाहून घ्यावे. फिरत नसेल तर आपोआप चालू होणारा, मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर हाच त्या घराचा पहिला आधार, आणि सिलिंडर उघडण्यासाठी शेजारच्या घरातील कोणाला उठवावयाचे ते आधी ठरलेले असावे. गोव्यात वीज खात्याच्या, बेळगावकडे हेस्कॉमच्या जवळच्या कार्यालयात जाऊन घरात असा रुग्ण आहे हे लेखी कळवावे; तक्रारीसाठी १९१२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. ज्या चर्चच्या सभागृहात सणासमारंभासाठी जनरेटर आहे, तेथे वादळाच्या रात्री दोन-तीन खाटा टाकता येतील का, हे सभागृहाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना पावसाळ्यापूर्वी विचारून ठेवावे. एका गावात तीन-चार घरांनी मिळून एक जादा सिलिंडर भरून ठेवला तर प्रत्येकावरचा भार थोडाच पडतो.

आणि सर्व आणून झाल्यावर एकदा परीक्षा घ्यावी. एखाद्या रविवारी, मिस्साहून सर्व मंडळी परत आल्यावर, भरलेला सिलिंडर खाटेशी तयार ठेवून घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि घड्याळ पाहावे. यंत्र इन्व्हर्टरवर किती वेळ चालते, इशारा केव्हा वाजतो, आजींना झडप सापडते की नाही, हे सर्व त्यात दिसून येते. बॅटरीने जितके तास दिले तो आकडा तारखेसह कागदावर लिहून इन्व्हर्टरच्या वर चिकटवावा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तसेच करून खाली नवा आकडा लिहावा. तो दर खेपेस थोडा लहान होत जाईल. पहिल्याच्या निम्म्यावर आला म्हणजे पावसाची वाट न पाहता बॅटरी बदलावी.